व्हँपायरवरनं भांडण झालंय आणि सातारची मैत्रीण बोलत नाही

ताई, नमस्कार.

विषय वाचून हसू नका, घरात आधीच हसून झालंय. मी ३७ वर्षांची, नोकरी करते, मुलगा चौथीत आहे, आणि गेले सात महिने मी एका व्हँपायरच्या सिरीजवरनं चिडलेली आहे. हॉस्टेलला असताना माझ्या रूममेटनं, ती सातारची, मला अ‍ॅन राइसचं 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' वाचायला दिलं. मग आम्ही दोघींनी त्या बाईची मिळतील ती सगळी वाचली, पुण्याच्या फुटपाथवरनं आणलेली, पिवळी पडलेली, एकाला तर शेवटची पानंच नव्हती आणि ती तिनं मला गच्चीवर बसून तोंडी सांगितली. त्यातला मुलाखत देणारा व्हँपायर लुई माझ्यासाठी कोण होता हे मी नवऱ्याला आजपर्यंत समजावू शकलेली नाही.

आता ही सिरीज. लुई मळेवाला गोरा जमीनदार होता, तो इथं कृष्णवर्णीय आणि वेश्यावस्तीत धंदा चालवणारा. १७९१ चं थेट १९१० केलंय. मुलाखत घेणारा पोरगा म्हातारा झालाय आणि मुलाखत कुठं तर दुबईत. त्यातली व्हँपायर झालेली पोर, क्लॉडिया, पाच वर्षांची होती, तिला चौदाची केली. मी खरंच रडले हो. घरावर पाटी तीच आणि आत भलतंच कुणीतरी राहायला आलंय असं वाटलं. पहिला सीझन कसातरी संपवला, दुसरा लावलाच नाही. रात्री एक वाजता मैत्रिणीला हे सगळं लिहिलं तर तिचा रिप्लाय, "मला तर पुस्तकापेक्षा आवडली." माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "तुला ते पुस्तक कधी कळलंच नव्हतं." निळ्या टिका आल्या आणि तेव्हापासून काही नाही. दिवाळीला फराळाचा फोटोसुद्धा नाही.

आत्ता माझ्याकडं जी प्रत आहे तीही तिचीच आहे. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागात तळमजल्यावर राहायचो, माझं पुस्तकांचं कपाट गेलं, तेव्हा तिनं स्वतःची कुरियरनं पाठवली. तिच्या पेन्सिलीच्या रेघोट्या आहेत त्यात, लुईच्या बोलण्याशेजारी एके ठिकाणी "हा खोटं बोलतोय" असं काहीबाही लिहिलंय. असो.

सिरीज खरंच वाईट आहे का मीच म्हातारी झाले? दुसरा सीझन बघू का? आणि आधी बोलायचं कुणी?

– रक्त आटलेली वाचक, विश्रामबाग, सांगली

* * *

अगं रक्त आटलेल्या बये,

हसले नाही. म्हणजे निळ्या टिकांपाशी थोडं हसले, पण व्हँपायरला नाही हसले. मी बावीस वर्षं मारुती रोडच्या एका बोळात लायब्ररी चालवलीये, आणि त्या काउंटरला टेकून माणसं कशाकशावरनं भांडलीयत हे सांगितलं तर तू स्वतःला एकदम शहाणी समजशील. एक रिटायर्ड पोस्टमास्तर होते, त्यांच्या लाडक्या कादंबरीवर टीव्हीला मालिका लागली आणि नायकाला मिशीच नव्हती, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ती कादंबरी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, ही आता ठेवू नका लायब्ररीत, बाटली. मी म्हणलं काका, पुस्तकात मिशी तशीच आहे की, कुणी येऊन भादरली नाहीये. त्यांना पटलं नाही. चार महिने रहस्यकथा नेत होते रागानं. मग एक दिवस गुपचूप तीच कादंबरी नेली, मी पण काही बोलले नाही, रजिस्टरला लिहिलं आणि दिली.

तर चिडायला तुला परवानगी आहे, ३७ काय आणि ७३ काय. लुईचा चेहरा तू हॉस्टेलच्या खाटेवर चादर डोक्यावर घेऊन बनवलेला आहेस, त्यात तुझी तेव्हाची परीक्षा, मेसची आमटी, घरची आठवण सगळं मिसळलेलं आहे, आणि आता कोण एक जेकब अँडरसन नावाचा माणूस त्याच्या जागी येऊन बसला तर धस्स होणारच. तो काम छान करतो ही गोष्ट वेगळी. छान करतो म्हणून जास्तच त्रास होतो, वाईट केलं असतं तर आपण हसून चॅनल बदललं असतं.

पण तू मला प्रश्न विचारलायस, तर आता खरं सांगते. मी पुस्तक वाचलंय आणि दोन्ही सीझन बघितलेत, आणि तुझ्या तक्रारीतल्या काही मला पटतात, काही अजिबात नाहीत.

लुईचं आधी घेऊ. पुस्तकातला लुई न्यू ऑर्लिन्सजवळच्या निळीच्या मळ्याचा मालक. मळा म्हणजे गुलाम आले. तो रात्रीच्या रात्री उदास, भाऊ गेला म्हणून उदास, जगावंसं वाटत नाही म्हणून उदास, आणि त्याच्या आवारात माणसं विकत घेऊन ठेवलेली आहेत, त्यांच्या रात्री कशा जात होत्या हे आपल्याला फार कळत नाही, ती माणसं पुस्तकात येतात ती बरीचशी मालकाला घाबरणारी किंवा मालकाचा संशय घेणारी म्हणून. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते खटकलं नव्हतं बरं का. आपण मराठीत वाड्यांच्या किती गोष्टी वाचल्या, पडका वाडा, शेवटचा इनामदार, त्याचं ते खानदानी दुःख, झोपाळ्याची कुरकुर, आणि त्या वाड्यात पाणी कोण भरत होतं हे आपण विचारलं का कधी? नाही विचारलं. सिरीजवाल्यांनी विचारलं. त्यांनी १९१० सालचा कृष्णवर्णीय लुई घेतला, हातात पैसा आहे, कपडे झकपक आहेत, स्टोरीव्हिल नावाच्या वस्तीत धंदा आहे (ती वस्ती खरी होती, १८९७ ते १९१७ पर्यंत कायद्यानंच आखून दिलेली), पण गोऱ्या माणसाच्या पुढ्यात त्यानं मान कुठपर्यंत वर करायची हे दुसऱ्यानं ठरवायचं. आता अशा माणसाला येऊन कुणी म्हणालं की चल, तुला मी असा करतो की परत कुणाच्या बापाला घाबरायला नको, तर तो हो का म्हणाला हे मला जास्त कळलं. पुस्तकात तो हो म्हणतो कारण दुःखी आहे. इथं दुःखी पण आहे आणि संतापलेला पण आहे. आणि भाऊ, त्याचं ते देवाचं वेड, त्याचं मरण आणि त्याबद्दलची लुईची टोचणी, हे सगळं ठेवलंय की त्यांनी. तू रडत होतीस त्यामुळं बघितलं नसशील नीट.

दुबईचं तर मला उलट कौतुक वाटलं. नीट आठव, सिरीजमध्ये ती मुलाखत पहिली नाहीये. पहिली १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत होऊन गेलेली आहे, तो मुलाखत घेणारा डॅनियल तेव्हा पोरसवदा होता, टेपा आहेत, आणि आता २०२२ ला म्हातारा, आजारी, तिरसट झालेला डॅनियल परत बोलावलाय, आणि तो मधेमधे थांबवून म्हणतो की तेव्हा तू मला असं नव्हतं सांगितलं. म्हणजे तुझं पुस्तक त्यांनी फेकून दिलेलं नाही. साधारण ते त्या जुन्या टेपांत आहे, टेबलावर ठेवलंय, आणि आता दोघं त्याच्यावर वाद घालतायत. तू आणि तुझी मैत्रीण घालताय तसाच, फक्त ते एकमेकांच्या समोर बसून घालतायत.

आणि बाई, तू तर दुसरं पुस्तक पण वाचलेलं आहेस. पहिलं १९७६ चं. १९८५ ला त्याच लेखिकेनं लेस्टाटच्या, म्हणजे लुईला व्हँपायर करणाऱ्याच्या, तोंडून दुसरं लिहिलं आणि त्यात लेस्टाट म्हणतो काय, तर लुईनं माझ्याबद्दल जे सांगितलंय ते असं नव्हतंच. पहिल्या पुस्तकात जो अडाणी, चिल्लर, पैशाला हपापलेला वाटत होता तो दुसऱ्यात एकदम हिरो, ऑव्हेर्नच्या डोंगरातल्या पडझड झालेल्या सरदार घराण्याचा पोरगा, लांडगे मारलेला, नाटकात काम केलेला. म्हणजे पहिली पलटी राइसबाईंनीच मारलीये, नऊ वर्षांनी. तेव्हा तू पुस्तक भिंतीवर फेकलं नाहीस, तेव्हा दोघींनी गच्चीवर बसून चवीनं वाचलं असणार. सिरीजवाल्यांनी ते दुसऱ्या पुस्तकाचं बियाणं पहिल्यातच पेरलं एवढंच. आणि पुढच्या सीझनला त्या दुसऱ्या पुस्तकाचंच नाव दिलंय.

आता क्लॉडिया. इथं मी तुझ्या बाजूनं आहे, थोडी.

अ‍ॅन राइसची मुलगी मिशेल १९७२ ला ल्युकेमियानं गेली, सहा वर्षांची पण झाली नव्हती. त्यानंतर पुढच्याच वर्षी तिनं जुनी एक गोष्ट परत काढली आणि पाच-एक आठवड्यांत त्याची ही कादंबरी केली, आणि त्या कादंबरीत पाच वर्षांची एक पोर आहे जी कधी मोठी होणार नाही आणि कधी आजारी पडून मरणार पण नाही. हे माहीत झाल्यावर मला ते पुस्तक बरेच दिवस हातात धरवेना. रात्री बाहुल्या विकत आणून देतात तिला, केस विंचरतात, आणि आत एक बाई वाढत चाललीये जिचे हात कायम पाच वर्षांच्या पोरीचेच राहणार. हा जो भयंकरपणा आहे तो पाचातच आहे, चौदात नाही. चौदाची पोर वेगळी, ती दारात अडकलेली आहे, आत पण नाही आणि बाहेर पण नाही, कायमची नववीतली, त्याचा त्रास पण काही कमी नाही, ज्यांच्या घरात नववीतली पोरगी आहे त्यांना विचार. सिरीजनं त्या वयाचं काम चोख केलंय, तिच्या डायऱ्या, त्यातली फाडलेली पानं, तिचा तो राग. पण तो दुसरा राग आहे. पाच वर्षांच्या हातांचा राग गेला तो गेलाच, आणि तुला रडू आलं ते बरोबर आलं.

फक्त हे पण बघ की पडद्यावर पाच वर्षांचं पोर आणणार कुठनं. रात्रीचं शूटिंग, रक्त, असले संवाद, आणि दर सीझनला ते पोर दोन इंच वाढणार, ज्या पात्राची सगळी गोष्टच न वाढण्याची आहे. १९९४ च्या सिनेमात पण ती पाचाची नव्हती, कर्स्टन डन्स्ट तेव्हा अकरा-बाराची होती. सिरीजमध्ये पण दुसऱ्या सीझनला नटी बदललीये, वाढली म्हणून नव्हे, पण बदललीये, पहिल्यात बेली बास होती, दुसऱ्यात डेलेनी हेल्स. पुस्तकाला हा प्रॉब्लेमच नाही, कागदावर पोर पाच म्हणलं की पाच.

(ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी पुढचा एक पॅरा सोडा, क्लॉडियाचं पुढं काय होतं ते त्यात आहे.)

पॅरिसमध्ये क्लॉडियाला उन्हात मारतात. पुस्तकातला तो सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग, तू पण त्याच्यावर रडलेली असणार. आता गंमत बघ. १८९७ च्या ब्रॅम स्टोकरच्या पुस्तकात ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. त्याची ताकद दिवसा कमी होते पण ऊन लागलं म्हणून तो मरत नाही, जोनाथन आणि मीनाला तर तो पिकॅडिलीत भर दिवसा दिसतो. उजेडात व्हँपायर विरघळून जातो हे आलं १९२२ च्या 'नोस्फेराटू' सिनेमात, आणि तो सिनेमा म्हणजे काय, तर स्टोकरच्या पुस्तकावर परवानगी न घेता, नावं बदलून केलेला. स्टोकरची बायको कोर्टात गेली, कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून सांगितलं, काही कुठं कुठं वाचल्या म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. म्हणजे मूळ पुस्तकाशी बेइमानी करणाऱ्या एका चोरट्या सिनेमानं जो नियम बदलला, तो नियम नसता तर तुझी क्लॉडिया त्या पद्धतीनं गेलीच नसती आणि तू हॉस्टेलला रात्रभर रडली नसतीस. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले होते, भाजीवालीला पण सांगितलं, ती म्हणाली कोथिंबीर देऊ का.

आणि तू राहतीस कुठं ते तरी बघ की. सांगलीला राहून अ‍ॅडॅप्टेशनवर रुसायचं म्हणजे कमाल झाली. इथनं रिक्षानं जाशील एवढ्या अंतरावर हरिपूर, तिथले गोविंद बल्लाळ देवल. त्यांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो उचलला आणि त्याचा झुंझारराव केला, व्हेनिस गेलं, मूर गेला, मराठी माणूस उभा राहिला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. त्यांचंच ते तसबिरीच्या घोटाळ्याचं नाटक, मुळात फ्रेंच मोलिएरचं, ते इंग्रजीतनं फिरून आपल्याकडं आलं आणि नंतर देवलांनी स्वतःच त्यात पदं घालून त्याचा 'संशयकल्लोळ' केला. आता आपल्यातल्या कुणाला फाल्गुनराव परका वाटतो का? तो तर आपल्या शेजारी राहतो, माझ्या तर दोन्ही बाजूला राहतो. पॅरिसच्या कुणा वाचकानं तेव्हा रडून पत्र लिहिलं असतं की आमच्या माणसाला पगडी घातली म्हणून, तर आपण काय म्हणलो असतो? म्हणलो असतो, बस की, पदं ऐक.

बरं, एवढं सगळं सांगून पण तुला सिरीज नाही आवडली तर नाही आवडली. त्यात काही म्हातारपण नाही. मला पण सगळीच नाही आवडलेली, पहिल्या सीझनमध्ये एक मारामारीचा प्रकार आहे, वरनं फेकून बिकून देतो तो, तो बघताना मी टीव्ही बंद करून भांडी घासायला गेले होते. लेस्टाट मात्र, सॅम रीड का कोण तो, बाई बाई. ते असो.

आता मुद्द्याचं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लुईचा रंग, साल, दुबई, चौदा वर्षं, सगळं तपशिलात लिहिलंयस. आणि पुरात कपाट गेलं, मैत्रिणीनं स्वतःची प्रत पाठवली, हे लिहून पुढं म्हणतीस "असो". त्या "असो"पाशी मी थांबले. माझी लायब्ररी पण त्याच पुरात गेली गं. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टला पाणी ५७ च्या वर गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तर पुस्तकं फुगून कप्प्यांत अशी घट्ट बसलेली की पहारीनं काढायला लागली, पावाच्या लाद्या कशा निघतात तशी निघाली. चिखलाचा तो वास अजून पावसाळ्यात येतो नाकात, येत नसला तरी येतो. तेव्हा मला लोकांनी पैसे दिले, चादरी दिल्या, बिस्किटाचे पुडे दिले, सगळ्यांचे उपकार आहेत. पण स्वतःच्या कपाटातनं स्वतःच्या हातानं खुणा केलेलं, स्वतःचं सगळ्यात आवडतं पुस्तक काढून कुरियर करणारं माणूस मला नाही भेटलं. तुला भेटलं. आणि तू तिला लिहिलंस की तुला हे पुस्तक कधी कळलंच नव्हतं.

आणि ते पण कुठलं पुस्तक, तर जे तिच्याच हातनं तुझ्याकडं दोनदा आलं. एकदा हॉस्टेलला, एकदा पुरानंतर.

बरं कळलं नव्हतं म्हणतीस, तर ती पेन्सिल बघ जरा. "हा खोटं बोलतोय." अगं, हीच तर सगळी सिरीज आहे! सिरीज करणाऱ्या रोलिन जोन्सनं ज्या एका धाग्यावर दोन सीझन उभे केले, की लुई सांगतोय ते सगळंच खरं नाही, काही तो विसरलाय, काही लपवतोय आणि काही त्याला स्वतःलाच माहीत नाही, ते तुझ्या मैत्रिणीनं पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलेलं आहे. कधी लिहिलं ते मला माहीत नाही, दुसरं पुस्तक वाचायच्या आधी का नंतर, हॉस्टेलला का लग्नानंतर, पण सिरीजच्या आधी हे नक्की, कारण पुस्तक २०१९ ला तुझ्याकडं आलंय आणि सिरीज आली २०२२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे तिला ती आवडणारच होती. तिनं वाचलेलं पुस्तक तिला पडद्यावर दिसलं. तुला तू वाचलेलं दिसलं नाही. तू लुईच्या प्रेमात पडून वाचलंस आणि ती त्याच्यावर डोळा ठेवून वाचत होती, एकाच खोलीत, बहुतेक एकाच ट्यूबलाइटखाली. दोघींनी मिळून एकच पुस्तक वाचलं असं तुला वीस वर्षं वाटत होतं, ते त्या रात्री एक वाजता मोडलं. मला वाटतं तू रडलीस त्यातलं अर्धं ह्याच्यासाठी होतं.

आधी कुणी बोलायचं हा प्रश्नच नाही. तू. आणि ते पण फॉरवर्ड पाठवून, गुड मॉर्निंगचं फूल पाठवून, "काय मग, विसरलीस वाटतं" असं उलटं तिच्यावरच ढकलून नाही. सातारची माणसं असल्या गोष्टींनी विरघळत नाहीत, माझं सासर आहे तिकडं, मला माहितीये. सरळ लिहायचं की मी जे बोलले ते चुकीचं होतं. सिरीजबद्दलचं मत मागं घ्यायचं नाही, त्याची गरज नाही, फक्त तिच्याबद्दलचं वाक्य मागं घ्यायचं.

ह्यात लाज वाटायचं काही कारण नाही, खुद्द राइसबाईंचं उदाहरण आहे. सिनेमाच्या वेळी लेस्टाटच्या कामाला टॉम क्रूझ घेतला म्हणल्यावर ती बाई जाहीरपणे बोलली होती, हे चुकीचं आहे, हा तो नाहीच म्हणून, अगदी तुझ्यासारखीच उखडली होती. मग सिनेमा बघितला, आवडला, आणि तेवढ्याच जाहीरपणे, 'व्हरायटी' ह्या सिनेमाधंद्याच्या पेपरात पैसे भरून जाहिरात देऊन तिनं कौतुक केलं. तुला तर फक्त व्हॉट्सअ‍ॅप करायचंय, नेटपॅक भरलेला असतोच.

दुसरा सीझन बघ, पण एकटी नको. आठ भाग आहेत. पॅरिस आहे, आणि तिथं त्या व्हँपायरांचं नाटकाचं थिएटर आहे, म्हणजे खरे व्हँपायर स्टेजवर माणसांपुढं व्हँपायरचं सोंग घेतात आणि माणसं टाळ्या वाजवतात, नाट्यपंढरीत राहून हे चुकवशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. एकेक भाग तू इकडं लाव, ती तिकडं लावेल, मधे फोन चालू ठेवा, भांडा. नवरा हसला तर हसू दे.

आणि शक्य असेल तर त्याआधी एकदा भेटा. तू सांगलीत, ती साताऱ्यात, मधे कराड पडतं, एसटीनं दोघींना फार लांब नाही. प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसायला बरं वाटतं, कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात, भेळ मिळते, आणि पाऊण तास कुणी "अजून किती वेळ" म्हणत नाही. जाताना ते पुस्तक घेऊन जा. परत द्यायला नव्हे हां, परत दिलंस तर तिला वाटेल संबंधच तोडतीये. नुसतं सोबत ने.

पण ते पुढचं झालं. आज रात्री पोरगं झोपलं की एवढंच कर. ते पान काढ, "हा खोटं बोलतोय" वालं, ट्यूबखाली धरून नीट फोटो काढ, पेन्सिल फिकट झाली असेल तर फ्लॅश नको, चमकतं. तो फोटो तिला पाठव आणि खाली लिही, "हे तुला कशावरनं कळलं होतं?"

आणि ती काय म्हणाली ते मला कळव. मला पण ते वाचताना नव्हतं कळलं.

– तुझी ताई